सोमवारी निघण्याआधी वाच

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल मी खबर देणाऱ्यांचा विषय काढला तेव्हा तू चिडून म्हणालीस, "बाबा, मी वनरक्षकांना त्यांच्या कामाची गोष्ट सांगायला शिकवणार आहे, चुगली करायला नाही." आणि फोन ठेवलास. बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितोय.

वनरक्षकाला आपलं काम लोकांपुढे मांडता आलं पाहिजे, हे मला पटतं. मी वनरक्षक असताना दैनंदिनीत काय लिहायचो? "गस्त केली. वणवा अडवायची जाळरेषा साफ. विशेष काही नाही." तू सातवीत असताना त्याखाली पेन्सिलीनं लिहून ठेवायचीस, "म्हणजे काय केलंत?" तपासणीला आलेल्या साहेबांनी ते वाचलं आणि वही न बोलता परत दिली. मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता. आजही वाटतो.

वणवा लागला नाही, जनावर मेलं नाही, झाड तुटलं नाही. आमचं यश म्हणजे न घडलेली घटना. ती सांगायची कशी? "तुमच्या कामाचा परिणाम सांगा" म्हणालीस तर सगळे माना खाली घालतील. "त्या दिवशी हातात काय होतं?" असं विचार. मग एखादा फासाबद्दल बोलेल. मोटारसायकलच्या क्लचची तार, पायवाटेवर वीतभर उंच, वरून पाला टाकलेला, एक टोक झुडपाच्या बुंध्याला.

पण फास कुठं लावलाय हे त्याला ज्यानं सांगितलं, तो माणूस गोष्टीत येऊ देऊ नकोस. नाव बदलून भागत नाही. "पाणवठ्यावर गुरं आणणारा म्हातारा" एवढ्यावरून अख्खं गाव ओळखतं. तू परत येशील, तो तिथंच राहणार आहे. मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद होते, ती बंद करायला पहिल्याच तासाला शिकव.

झालं माझं लेक्चर सुरू. रागावू नकोस. हे सगळं तुला माहीत असणार.

तू पाठवलेलं पूर्णिमादेवी बर्मन यांच्याबद्दलचं आईला वाचून दाखवलं. आसामात हरगिला म्हणजे अपशकुनी, घाणेरडा पक्षी, त्याचं घरटं असलेलं झाडच लोक तोडून टाकायचे. त्याला वाचवायला या बाईंनी गावातल्या बायका गोळा केल्या, हरगिलाचं डोहाळजेवण केलं, मागावर त्याची नक्षी विणली. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' म्हणून गौरवलं. आईला डोहाळजेवणाचंच कौतुक, दोनदा वाचायला लावलं. मला भावलं ते हे, की त्या बायका स्वतःच्या तोंडानं बोलतात, चारचौघांत, आपल्या दारच्या झाडाबद्दल. खबर देणाऱ्याला ती सोय नाही. बघ, फिरून तिथंच आलो.

वनरक्षकाचं मात्र त्या बायकांसारखं. गोष्ट त्याची आहे. साहेब शेजारी बसलेले असताना त्याला "ही गोष्ट वापरली तर चालेल ना?" विचारू नकोस, तो हो म्हणणारच. एकट्याला विचार, दुसऱ्या दिवशी परत विचार.

आईचा गुडघा आता बरा आहे. दादाला फोन कर, तो वाट बघतोय. आणि संमतीपत्राचा मसुदा मला पाठव. साध्या भाषेत आहे का आणि नंतर नकार द्यायची जागा ठेवलीय का, एवढंच बघतो.

तुझे,
बाबा