चांगलं निघालं की ते कार्टून राहत नाही का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका आजोबांचं पत्र होतं, की नातू दिवसभर कार्टून बघतो, जेवताना पण समोर मोबाइल लागतो, घरात मराठी सोडून हिंदीत बोलायला लागलाय आणि या कार्टूनांनी एक अख्खी पिढी वाया घालवली. आमच्याकडे ते पत्र सकाळी चहाच्या वेळी मोठ्याने वाचलं गेलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मी इथे बडोद्यातच अॅनिमेशन शिकते, तिसरं वर्ष चालू आहे. तेव्हा मी काही बोलले नाही. पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी आजोबांचं जे पटतं ते सांगते. टीव्हीवर दिवसभर जे चालू असतं त्यातलं बरंचसं खरंच वाईट असतं. हात, पाय, मान, डोळे असे सुटे तुकडे कॉम्प्युटरमध्ये जोडून एक पात्र बनवायचं आणि मग तेच चालणं, तेच पळणं, तेच दचकणं प्रत्येक भागात फिरवत राहायचं, बोलताना फक्त तोंड आणि भुवया हलणार, बाकी माणूस खांबासारखा उभा. याच्यात वेळ आणि पैसा वाचतो, म्हणून करतात. आता काटकसर केली म्हणजे वाईटच होतं असं पण नाही हं. जपानमध्ये ओसामू तेझुकांनी 1963 मध्ये दर आठवड्याला टीव्हीवर अॅनिमेशनची मालिका द्यायला घेतली तेव्हा त्यांनी पण चित्रं कमीच केली होती, एकच चित्र जास्त वेळ धरून ठेवायचं, पात्र जागच्या जागी आणि मागची बॅकग्राउंड सरकवायची, पण त्यांनी गोष्टीत काटकसर केली नाही. पोरांना काय कळतंय असं म्हणून जे बनवलं जातं ना, ते मला पण बघवत नाही.

पण मला लागलं ते दुसरंच. 'कार्टून' हा शब्द ज्या सुरात म्हटला जातो तो सूर. आमच्या सोसायटीतले एक काका मला भेटले की दर वेळी विचारतात, 'शुं बेटा, कार्टून दोरे छे?' म्हणजे काय बेटा, कार्टून काढतेस का? आणि प्रेमाने विचारतात, त्यांचा हेतू वाईट नसतो, पण त्यांना वाटतं की मी रिकाम्या वेळात वहीच्या मागच्या पानावर काहीतरी काढते तसलं काहीतरी शिकायला फी भरतेय.

बाबांचं सांगते. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना बळेच सोबत बसवून 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' दाखवला. इसाओ ताकाहातांचा, 1988 चा, जपानी अॅनिमेशन सिनेमा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात आई गेलेली, एक मोठा भाऊ आणि त्याची चार वर्षांची बहीण, आणि त्यांच्याजवळ गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. गोळ्या संपल्यावर भाऊ त्या डब्यात पाणी घालून हलवतो आणि ते गोड पाणी बहिणीला प्यायला देतो. एवढंच. ती चित्रातली मुलगी ते पाणी पिते आणि माझे बाबा, जे बँकेत नोकरी करतात आणि सिनेमा बघताना हमखास झोपतात, ते चष्मा काढून बसले. सिनेमा संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'पण हे काही कार्टून नाही.'

संपादक साहेब, मला त्या एका वाक्याबद्दलच लिहायचंय. चित्राने रडवलं की आपण म्हणतो हे कार्टून नाही, हा सिनेमा आहे. आणि पात्र धपकन पडलं, डोळे बाहेर आले, आरडाओरडा झाला की म्हणतो बघा, कार्टून. म्हणजे चांगलं निघालं की त्याला या घरातून बाहेर काढायचं आणि वाईट तेवढं या घराच्या नावावर लिहायचं, मग घर वाईट दिसणारच ना. आणि बाबांचंच आणखी एक. 'एक अनेक और एकता' त्यांना अख्खं पाठ आहे, ते जाळ्यासकट उडून जाणारे पक्षी, ते गाणं, भाजी निवडताना सुद्धा गुणगुणतात. मी विचारलं हे कार्टूनच आहे ना, तर म्हणाले छे, ते दूरदर्शनवरचं गाणं. 1974 चं ते अॅनिमेशन आहे, फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचं, अॅनिमेशन भीमसेन यांचं आणि दिग्दर्शन विजया मुळे यांचं. एका मराठी बाईने केलेली ही फिल्म अख्ख्या देशातल्या मुलांना तोंडपाठ झाली आणि आमच्या मराठी घरात कोणाला त्या बाईंचं नाव माहीत नव्हतं. मला पण कॉलेजमध्ये आल्यावरच कळलं.

मामाचं पण तसंच. तो लहान असताना रविवारी सकाळी मोगली लागायचा तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसायचं म्हणतो, ती मालिका जपानमध्ये बनलेली आणि हिंदीत शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. तो आवाज अजून त्याच्या अंगावर काटा आणतो. एका चित्रातल्या वाघाला घाबरलेला माणूस कार्टून म्हणजे पोरखेळ असं कसं म्हणू शकतो, मला कळत नाही.

आता हे काम नक्की काय असतं ते थोडं सांगते, कारण ते कोणी सांगतच नाही. सिनेमात एका सेकंदात 24 फ्रेम, म्हणजे 24 स्थिर चौकटी, जातात. हाताने काढताना आम्ही बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम धरतो, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. सध्या मला जो शॉट करायचाय तो चार सेकंदांचा आहे, एक आजी जमिनीवरून उठते. म्हणजे 48 चित्रं. सोपं वाटतं. मी पहिल्यांदा डोक्यातून काढलं आणि ती आजी लिफ्टमधून वर आल्यासारखी सरळ वर आली. सरांनी बघितलं आणि एवढंच विचारलं, वजन कुठाय? मग घरी येऊन माझ्या आजीचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, ती पाटावरून उठताना, आणि एक एक फ्रेम पुढे सरकवून बघितला. ती आधी उठतच नाही. आधी थोडी खाली जाते, पुढे वाकते, उजवा तळहात गुडघ्यावर ठेवते, बोटं फाकवून दाबते, मग खांदा वर येतो, मग मान, आणि कंबर सगळ्यात शेवटी. आणि मध्ये एका जागी ती जवळजवळ अर्धा सेकंद तशीच थांबते, कारण गुडघा दुखतो. वीस वर्षं मी रोज तिला उठताना बघतेय आणि हे थांबणं मला कधी दिसलंच नव्हतं. ते दिसल्यावर मी सलग सहा चित्रं जवळजवळ तशीच काढली, फक्त हाताच्या बोटांत बारीकसा फरक, आणि चालवून बघितलं तर शॉटला वजन आलं.

तुम्ही मैफलीत तान ऐकता तेव्हा दाद देता ना, तशी दाद द्यायच्या जागा यात पण असतात. 2018 मध्ये स्पायडरमॅनचा जो अॅनिमेशन सिनेमा आला त्यात नवीन पोरगा आणि मुरलेला स्पायडरमॅन जंगलात झाडांवरून झोके घेत पळतात असा सीन आहे. त्यात मुरलेला माणूस सेकंदाला 24 चित्रांनी हलतो आणि नवखा पोरगा 12 ने, त्यामुळे एकाची हालचाल लोण्यासारखी आणि दुसरा जरा अडखळत. प्रेक्षकाला चित्रं मोजता येत नाहीत पण हा अजून कच्चा आहे हे पोटात कळतं. मला हे कळलं त्या रात्री मी तो सीन किती वेळा मागेपुढे करून बघितला त्याचा हिशोब नाही. आणि टॉम अँड जेरी घ्या. 1940 पासूनचे, सात ऑस्कर आहेत त्यांना, बोलणं जवळजवळ नाहीच, सगळं संगीतावर आणि अंगावर. म्हणून माझी आजी, जिला इंग्रजी येत नाही, ती अजून पदर तोंडाला लावून हसते. आमच्या घरात तीन पिढ्या एकत्र बसून बघू शकतील असं तेच एक आहे.

मराठीचं आजोबा म्हणतात ते खरंय. मी पण पहिलीत असल्यापासून डोरेमॉन हिंदीतच बघितला आणि भावाशी भांडताना मी हिंदीत भांडायचे. पण त्यात चूक पोराची नाही आणि डोरेमॉनमधल्या नोबिताची पण नाही. ते तोंड जपानीसाठी काढलेलं आहे, त्यावर हिंदी बसवली, आणि आम्हाला तीच मिळाली. मराठी तोंड कोणी काढायचं? आमचा लिपसिंकचा, म्हणजे आवाजाला जुळेल असं तोंड हलवायचा, अभ्यास होता तेव्हा बाकी सगळ्यांनी इंग्रजी नाहीतर हिंदी डायलॉग घेतले, मी आजीचा उठतानाचा 'रामा' घेतला. दोनच अक्षरं. 'रा' ला जबडा खाली, 'मा' च्या आधी ओठ पूर्ण मिटले पाहिजेत, आणि ते आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी मिटावे लागतात नाहीतर डोळ्याला उशीर वाटतो, आणि आजी शेवटचा 'आ' सोडतच नाही, श्वासात विरून जातो, तर तोंड हळूहळू बंद करायला आणखी सात-आठ चित्रं. ते तोंड जेव्हा मराठीत हललं तेव्हा खरं सांगते, मला रडू आलं.

आणि हे सगळं आपल्या गावात परकं नाही हो. सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन ही कला शिकवणारी संस्था सुरू केली आणि दादासाहेब फाळके तिथे शिकले, चित्रकला, फोटोग्राफी सगळं. पुढे 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' काढायच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज थोडं थोडं शूट करत त्याचा वेल होईपर्यंतची फिल्म केली, कित्येक दिवसांची वाढ मिनिटभरात, आणि ती दाखवून पैसे उभे केले. फ्रेम फ्रेम करून वेळ बनवायचा, हेच तर आम्ही करतो. नंतर 1915 च्या सुमारास त्यांनी आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' केली. म्हणजे भारतीय सिनेमाच्या बापाने कार्टून केलंय आणि तो माणूस आपल्या दांडिया बाजाराजवळ शिकलाय! पहिल्या वर्षी आम्हाला स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू जराशी हलवून एक एक फोटो घ्यायचा प्रकार, होता तेव्हा मी मुद्दाम आगकाड्याच घेतल्या. रात्री पंखा बंद, खिडक्या बंद, मे महिना, घामाने बोटं चिकटतात म्हणून चिमट्याने एक एक काडी केसभर सरकवायची आणि फोटो. दीडशे फोटो झाल्यावर भाऊ पाणी प्यायला आला आणि सवयीने पंखा लावला. सगळ्या काड्या उडाल्या. परत पहिल्यापासून केलं आणि तेव्हा मला फाळके पहिल्यांदा पुतळ्यातले नाही तर घाम पुसणारे दिसले.

इथल्याच जुन्या तांबेकर वाड्यात आम्हाला स्केचिंगला नेलं होतं, तिथे भिंतीभर चौकटी चौकटीत रंगवलेल्या गोष्टी आहेत, कृष्णलीला, महाभारत, आणि त्या एका ओळीने बघत गेलं की अगदी स्टोरीबोर्ड, सिनेमा करायच्या आधी गोष्ट चौकटींत काढून ठेवतो तसा. कोकणात पिंगुळीचे चित्रकथी एक एक चित्र पुढे धरून रामायण सांगतात. आपल्याला चित्रातून गोष्ट बघायची सवय जुनीच आहे, ती पोरखेळ म्हणून कोणी कधी धरली नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या रविवारच्या पुरवणीत नाटकावर येतं, गाण्यावर येतं, चित्रप्रदर्शनावर येतं, तसं महिन्यातून एकदा अॅनिमेशनवर येऊ दे. मुलांच्या पानावर ससा रंगवाच्या शेजारी नको, मोठ्यांच्या पानावर. वाईट असेल तर वाईट म्हणा, चांगलंच झोडा, पण बघून झोडा. आणि त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एकदा नातवाच्या शेजारी बसून त्याचं कार्टून पूर्ण बघावं, मोबाइल काढून न घेता, आणि त्याला विचारावं की यातलं कोण आवडतं आणि का. त्याचं उत्तर त्यांनी परत तुमच्याकडे लिहून पाठवलं तर मी नक्की वाचेन.

माझा तो उठणाऱ्या आजीचा शॉट काल पूर्ण झाला म्हणून आजीलाच लॅपटॉपवर दाखवला. तिने तीन वेळा लावायला सांगितला. चौथ्यांदा म्हणाली, 'अगं, ही पदर न सावरताच उठली की.' मी परत तिचा व्हिडिओ काढून बघितला. खरंच, हात गुडघ्यावर जायच्या आधी ती डाव्या हाताने पदर ओढून कमरेला खोचते, मी गुडघ्याकडे बघत होते म्हणून सुटलं. त्याला एक सेकंद तरी लागेल, म्हणजे 12 चित्रं नवीन, आणि पुढच्या सगळ्या चित्रांत पदर बदलायचा. सोमवारी सबमिशन आहे. आत्ता सतरावं चित्र चालू आहे.

आपली,
अॅनिमेशनची एक विद्यार्थिनी
दांडिया बाजार, बडोदा