नळ शिशाचा की तांब्याचा?

महोदय,
डेटा सायन्स म्हटले की जाहिराती आणि शेअर बाजारच आठवतात. विद्यापीठांच्या संशोधन संस्था याच शास्त्राचा लोकांसाठी कसा उपयोग करतात, ते अमेरिकेतील फ्लिंट शहरात दिसले.

2014 मध्ये तिथे पाण्याचा स्रोत बदलला, गंजरोधक प्रक्रिया झाली नाही आणि जमिनीखालून घरात येणाऱ्या जुन्या नळांतले (पाइपांतले) विषारी शिसे घराघरांत पोहोचले. ते नळ काढून तांब्याचे बसवायचे ठरले. पण शिशाचे नळ कोणत्या घरांना, याच्या नोंदी जुन्या कार्डांवर, त्याही अनेकदा चुकीच्या. मिशिगन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी घराचे वय, किंमत, परिसर आणि आधीच्या खोदकामातून आलेली माहिती जोडून कुठे खणावे याचा अंदाज बांधणारे संगणकीय मॉडेल तयार केले. 2017 मध्ये खणलेल्या सुमारे 70 टक्के ठिकाणी बदलण्याजोगे नळ सापडले. पुढच्या वर्षी शहराने मॉडेल बाजूला ठेवले आणि हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास घसरले.

मॉडेल का सोडले? 'शेजाऱ्याकडे खणता, मग माझ्याकडे का नाही?' हा रहिवाशांचा सवाल हे त्यामागचे एक कारण होते. (त्यांचे काय चुकले? ज्यांची एकदा फसवणूक झाली, ते संगणकावर का विसंबतील!) मॉडेल पुन्हा वापरात आले, पण मधला वेळ आणि पैसा गेलाच.

म्हणूनच अशा संस्थांनी शोधनिबंधाइतकाच वेळ रहिवाशांच्या बैठकांना द्यावा आणि त्यासाठी त्यांना वेगळा निधी मिळावा.

— एक वाचक