दुसऱ्या अपिलापुढे दिवस कोण मोजणार?

संपादक महोदय,

माहिती अधिकार कायद्यात माहिती द्यायला जन माहिती अधिकाऱ्याला ३० दिवस आहेत. पहिल्या अपिलाच्या निर्णयालाही ३०, लेखी कारणे नोंदवली तर फार तर ४५. अर्जदाराने पहिले अपील ३० दिवसांत आणि दुसरे, राज्य माहिती आयोगाकडचे, ९० दिवसांत करायचे. हा सगळा हिशेब आयोगाच्या दारात संपतो. दुसरे अपील किती दिवसांत निकाली काढायचे, यावर कलम १९ गप्प आहे. आयोगाने ‘विहित’, म्हणजे नियमांनी ठरवलेल्या, कार्यपद्धतीने निर्णय द्यावा, एवढेच उपकलम १० म्हणते. विहित करायचे ते राज्य सरकारने, कलम २७ खाली. माहिती अधिकारी नेमायला कायद्याने १०० दिवस घातले, कलम ४ ची माहिती आपणहून जाहीर करायला १२०. नियमांसाठी मात्र मुदत नाही. तिथे नुसते ‘करता येतील’ असे आहे आणि सरकारी भाषेत त्याचा अर्थ काय होतो हे सर्वांना ठाऊक आहे.

सरकारला नियम करता येत नाहीत असेही नाही. २०१२ मध्ये दुरुस्ती करून अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, असे बंधन अर्जदारावर घातलेच की! दुसरे अपीलही ४५ दिवसांत निकाली काढावे, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका प्रकरणात म्हटले होते. तो आकडा आपल्या नियमांत आणायला एक अधिसूचना पुरेल.

त्यापुढची अडचण न्यायालयातली. कलम २३ मुळे दिवाणी दावा लावता येत नाही. राहते ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खालची रिट याचिका, म्हणजे थेट उच्च न्यायालयात दाद. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, पण त्याच्या सहा जिल्ह्यांत पुणे नाही, म्हणजे पुणेकराला मुंबईच. समजा, आयोगाने एखाद्या रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) द्यायचा आदेश दिला आणि संबंधित खात्याने त्यावर एकतर्फी स्थगिती मिळवली. माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करायचा भार कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यावर आहे. प्रत्यक्षात १० रुपयांचा अर्ज आणि २० रुपयांचे अपील करणाराच वकील शोधत फिरतो. प्रकरण सुनावणीच्या बोर्डावर येईपर्यंत ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, उलटतो. मग ती पुस्तिका हातात आली काय नि न आली काय, खड्डे बुजवायचे पैसे पुन्हा करदात्याचेच.

उच्च न्यायालयाला अनुच्छेद २२५ खाली स्वतःचे नियम करता येतात. माहिती अधिकाराच्या याचिकांना नोंदणीतच वेगळा प्रकार द्यावा, म्हणजे किती पडून आहेत हे निदान मोजता तरी येईल. याचिका दाखल करतानाच वादातली कागदपत्रे सीलबंद पाकिटात जमा करून घ्यावीत. त्यामुळे नंतर ‘फाइल सापडत नाही’ ही सबब उरणार नाही आणि जुने कागद ठरावीक काळाने नष्ट करतात त्यात हे कागद जाण्याचा धोकाही टळेल. कलम १० नुसार माहितीचा काही भाग वगळून उरलेला देता येतो. म्हणून स्थगिती वादातल्या पानांपुरतीच असावी, बाकीची पाने लगेच द्यावीत. सर्व उच्च न्यायालयांनी तीन महिन्यांत ऑनलाइन माहिती अधिकार पोर्टल उभारावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितले होते. अर्ज स्वीकारण्याच्या खिडकीला मुदत घालता येते, तर त्यातून उभ्या राहणाऱ्या वादाला का नाही?

नियम होईपर्यंत एकतर्फी स्थगिती आलेल्या अर्जदारांनी अनुच्छेद २२६(३) वाचावा. याचिकेची प्रत न देता आणि बाजू न ऐकता अंतरिम आदेश झाला असेल, तर तो उठवण्याचा अर्ज दोन आठवड्यांत निकाली काढायचा आहे. न काढल्यास आदेश संपुष्टात येतो, असे तिथे लिहिले आहे. हे दोन आठवडे न्यायालयात अर्ज पोचल्यापासून किंवा समोरच्या पक्षाला प्रत मिळाल्यापासून, यांपैकी जी तारीख नंतरची तिच्यापासून धरतात. म्हणून प्रत त्याच दिवशी द्यावी आणि तारखेची पोच घ्यावी.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे