वजनकाट्यावर न दिसणारी झीज

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईचे वजन वर्षभरात जराही घटलेले नाही, असे बाबांनी परवा फोनवर समाधानाने सांगितले. मला मात्र त्या समाधानात सहभागी होता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. मागच्या खेपेस आई खुर्चीतून उठताना मी पाहत होतो. मुठी खुर्चीच्या हातांवर रोवून ती अर्धी उठली, पुन्हा बसली आणि तिने न मागताच बाबांनी हात पुढे केला. तिचेच जुने कपडे आता कमरेला घट्ट आणि दंडाला सैल होतात, हेही तेव्हाच ध्यानात आले.

आईच्या आमवाताला (रुमेटॉइड आर्थ्रायटिसला) आपण सांध्यांचा आजार म्हणतो, पण दाह वाढवणारी टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखी द्रव्ये रक्तावाटे सर्वत्र फिरतात, स्नायूंतील प्रथिनांची मोडतोड वाढवतात आणि त्यांची नवी घडण मंदावते. दाह झालेल्या सांध्याभोवतीचे स्नायू रोडावतात, हे जेम्स पॅजेट या इंग्लिश शल्यविशारदाने १८७३ सालीच नोंदवले होते. स्नायू घटतात तशी चरबी वाढते, त्यामुळे काटा जागचा हलत नाही. शिवाय गुडघा सुजलेला असला की मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोर लावण्याची सूचनाच मज्जासंस्थेकडून नीट मिळत नाही. आई ‘पायात जीव नाही’ म्हणते, ते अगदी खरे आहे. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यानेही मांड्या आणि खांदे दुबळे होऊ शकतात, मात्र ती गोळी अचानक बंद करणे धोक्याचे असते. तेव्हा आई, मात्रा कमी करायची ती डॉक्टरांनीच.

हाताची घडी छातीशी घालून खुर्चीतून सलग ५ वेळा उठायला १५ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर स्नायूंची ताकद घटल्याचा संशय घेतात. हाताची पकड मोजण्याचीही पद्धत आहे, पण आईची बोटे दुखत असताना त्या आकड्यावर माझा फारसा विश्वास बसणार नाही.

व्यायामाने सांधे आणखी झिजतील ही तुमची भीती मी समजू शकतो. तथापि आजार आटोक्यात असताना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, हळूहळू भार वाढवत केलेला व्यायाम आमवाताच्या रुग्णांना सोसतो आणि त्याने ताकद वाढते, असे अभ्यासांत दिसले आहे. नुसते चालणे त्याची जागा घेत नाही. दीर्घ आजार असलेल्या वयस्कांना वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने सुचवतात, म्हणजे आईच्या ६० किलोंना ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री मात्र आधी करून घ्या.

आणि बाबा, रागावू नका, पण तोल जात नसेल तर तो हात जरा उशिरा पुढे करा. त्याऐवजी खुर्चीवर एक जाड, घट्ट उशी ठेवा. बैठक उंच झाली की उठणे सोपे जाते. तिला ते सहज जमू लागले की उशी काढून घेऊ. पुढच्या महिन्यात मी येईन, तेव्हा सेकंद मोजायचे काम माझ्याकडे.

तुमचा,
मुलगा