पन्हाळ्यावरचा मुक्काम

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

लेका, शेवटी मी पन्हाळ्यावर मुक्काम केला. हसू नकोस! वीस किलोमीटरवरचा गड, आपण शंभरदा गेलो असू. पण झुणका-भाकर, खर्डा, घट्ट दही हाणायचं, तीन दरवाजात फोटो काढायचा आणि दिवे लागायच्या आत घर गाठायचं. वर झोपायचं कधी डोक्यातच आलं नाही.

बंगला संस्थानाच्या काळातला. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढं लांबलचक पडवी. गाद्या दमट, अंघोळीचं पाणी बंबातलं, तेही आठच्या आत. टॉवेल वाळत घालायला लागलो तर सांभाळणारे मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, आणखी वला हुईल." आणि झालंही तसंच.

पावनखिंडीला निघालेली पंधरा-वीस पोरं त्याच रात्री मुक्कामाला होती. मामांनी त्यांच्या भिजलेल्या बुटांत रद्दीचे बोळे कोंबले आणि चुलीपासून हातभर लांब ओळीनं मांडले. जवळ ठेवले तर तळवा सुटतो म्हणे. मामी पहाटेच्या भाकऱ्यांचं पीठ मळत होत्या. पोरं मसाई पठारावरून आंबेवाडीला जाऊन तिथं मुक्काम करणार, दुसऱ्या दिवशी पांढरपाणी आणि खिंड.

जेवून पडवीत बसलो. धुकं इतकं दाटलं की कठड्यापलीकडचं काही दिसेना. शाळेत आपण घोकलं होतं बघ : १६६०, सिद्दी जौहरचा वेढा, चार महिने, आषाढी पौर्णिमा, राजदिंडीच्या वाटेनं शिवाजी महाराजांची सुटका. पौर्णिमेला कोण निसटतं, असं तू सरांना विचारलं होतंस आणि छडी खाल्ली होतीस. तुझं उत्तर मला परवा त्या पडवीत मिळालं. असल्या पावसात कसला चंद्र! दहा पावलांवरची पालखी दिसायची नाही.

सकाळी अंबरखान्यात, गडावरच्या जुन्या धान्यकोठारात गेलो. गंगा कोठीत माणूस नव्हतं, बाहेर पाऊस आणि आत आपलाच खोकला. रविवारी तिथं रील काढणाऱ्यांची रांग असते. २०२५ मध्ये गड युनेस्कोच्या यादीत आला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मामांना विचारलं तर म्हणाले, "यादी हाय, पर पावसात भिंती ढासळत्यात, त्याचं काय?"

गणपतीला येतोयस ना? खोली आधी सांगून ठेवावी लागते. आणि अंथरायला घरची चादर आण.

तुझा,
बाळ्या