विनाशिका दुरुस्तीला येते तेव्हा: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

माझगाव गोदीत बांधलेल्या १५-ब प्रकल्पाच्या चारही विनाशिका २०२१ ते २०२५ दरम्यान नौदलात आल्या. ७,४०० टनांची, १६ ब्रह्मोस वाहणारी ही जहाजे आता टप्प्याटप्प्याने मोठ्या रिफिटला, म्हणजे गोदीतल्या मोठ्या दुरुस्तीला, लागतील. आमचे म्हणणे त्या दिवसांपुरतेच आहे.

रिफिटमध्ये जलरोधक दारांतून वेल्डिंगच्या केबल, गॅसचे पाइप, हवेचे डक्ट गेलेले असतात; आग लागली तरी दार मिटत नाही. जहाजाचे स्वतःचे फायर पंप बंद असू शकतात. आत माणसे असल्याने आग विझवणारी कार्बन डायऑक्साइडची यंत्रणाही बंद ठेवतात, कारण तो वायू माणसाला गुदमरवतो. त्यात स्टेल्थ जहाजाच्या बाजू बंदिस्त, धूर कोंडतो. कटिंग बल्कहेडच्या (जहाजातल्या पोलादी आडभिंतीच्या) अलीकडे चालते आणि पेट घेतो पलीकडचा रंग किंवा इन्सुलेशन, जिथे कुणीच उभे नसते. याच चारपैकी पहिली, 'विशाखापट्टणम', बांधणीत असताना, जून २०१९ मध्ये, आगीत एका कंत्राटी कामगाराचा जीव गेला.

पण खरा घात आग विझवायला मारलेले पाणी करते. २१ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'ब्रह्मपुत्रा' या फ्रिगेट युद्धनौकेला दुरुस्तीत असताना आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती आटोक्यात आली आणि दुपारी जहाज डावीकडे कलले. चौकशीचे निष्कर्ष काहीही असोत, हिशेब साधा आहे. दहा होज, प्रत्येकी मिनिटाला ४५० लिटर धरा: तासाला सुमारे २७५ टन समुद्राचे पाणी वरच्या डेकांवर. हे मोकळे पाणी एका बाजूला धावते आणि त्याचा परिणाम ते पसरते त्या जागेच्या रुंदीच्या घनाने वाढतो. शिवाय रिफिटआधी तळाच्या टाक्यांतले इंधन काढलेले असते, म्हणजे गुरुत्वमध्य आधीच वर सरकलेला आणि जहाज सहज कलणारे.

म्हणून हॉट वर्क परमिटला (वेल्डिंग-कटिंगसारख्या ठिणगीच्या कामाच्या लेखी परवान्याला) काही अटी जोडाव्यात. बल्कहेडच्या दोन्ही बाजूंना पहारेकरी, काम संपल्यावर तासभर पाळत. प्रत्येक दारापाशी केबल-पाइपना झटक्यात सुटणारे जोड. पाण्यात बुडवून चालवायचे उपसा पंप आग लागण्याआधीच डेकवर, स्वतंत्र वीजपुरवठ्यासह. परमिट मराठी-हिंदीतही हवे; ठिणगीजवळ जो असतो त्याला इंग्रजी वाचता येतेच असे नाही.

आणि स्थैर्याचा तक्ता रोज नवा करून गँगवेवर (जहाजात चढण्याच्या वाटेवर) लावावा: आज कोणत्या डेकवर किती टन पाणी चालेल, त्यापुढे फवारा थांबवून उपसा कधी सुरू करायचा. तो निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नावही त्यावर असावे.

आपले,
जहाजदुरुस्ती क्षेत्रातील काही मुंबईकर