आई, तू फक्त फोटो बघायचे नाहीस

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर आई म्हणाली, "आता धबधबे तुम्ही बघा, आम्ही फोटो बघू." तेव्हा मी काही बोलले नाही, पण ते डोक्यातून जाईना. मागे आपण त्या नावाजलेल्या धबधब्यावर गेलो होतो, तिथे पाण्यापेक्षा लोकांच्या पाठीच जास्त पाहिल्या. तुम्ही दमलात ते रांगेत उभं राहून, चालून नव्हे. माझं तरी असंच मत आहे.

म्हणून या खेपेला एक आडवाटेचा, लहानसा धबधबा हेरून ठेवलाय. हेरायची युक्ती बाबांना आवडेल. समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा घ्यायचा आणि ओढ्याच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवत उगमाकडे जायचं. जिथे रेषा एकमेकींना अगदी चिकटतात, तिथे कडा असतो. म्हणजे बहुधा धबधबाही. मग पायवाट बघायची. ती रेषांना कापत गेली तर चढ-उतार, रेषेच्या कडेकडेने गेली तर जवळपास सपाट. आपली वाट दुसऱ्या जातीची आहे. दरीत उतरून बघायचे धबधबे मी आधीच बाद केले. बाबा, तुमचा गुडघा चढताना गप्प असतो, उतरताना बोलतो, हे मला ठाऊक आहे!

लहान ओढ्याची एकच खोड. त्याचं पाणलोट क्षेत्र इवलंसं, त्यामुळे पाऊस थांबला की पाणी भराभर ओसरतं. मोठ्यांचं तसं नसतं. नायगाराला तर १९५०च्या करारानं किमान पाणी नेमून दिलंय: पर्यटनाच्या हंगामात दिवसा जेवढं, रात्री त्याच्या निम्मं, उरलेलं वीजनिर्मितीला. तिथला देखावासुद्धा वेळापत्रकाने चालतो, बघा.

आपण पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ, भर पावसात नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली किंवा आवाज वाढला, तर आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर कुठेतरी कोसळतोय असं समजायचं आणि लगेच उंचावर सरकायचं. धारेखाली उभं राहायचं नाही, वरून दगड येतात. आई, हे तुला सांगतेय, कारण पाण्यात पाय घालायला पहिली तूच धावशील.

सकाळी लवकर निघू. तेव्हा सूर्य खाली असतो. तो पाठीमागे आला की तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं.

बाबा, काठी माळ्यावरून काढून ठेवा. आई, त्या गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. पाऊस उघडला की आदल्या रात्री फोन करते.

तुमची,
धाकटी